कॅमेऱ्याचं बटण

गुरुवार, ४ मार्च

बाबांना कॅमेऱ्याचं बटण आजही पटकन सापडलं नाही! तीन मिनिटं वीस सेकंद. बाकीच्या अकरा जणांना दहा सेकंदही लागले नाहीत. आमच्या व्हिडिओ मीटिंगच्या ॲपची चाचणी म्हणजे समोरचा कितीही चाचपडला तरी मदत करायची नाही, नुसतं बघायचं. स्क्रीनवर त्यांच्या माउसचा बाण दोनदा बटणावरून गेला, थांबला नाही. वहीत लिहिलं— चिन्ह ओळखता येत नाही.

चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली या माणसाने. वय झालं, दुसरं काय.

११ मार्च

बटण हिरवं केलं, खाली ठळक ‘कॅमेरा’ लिहिलं. तरी आज चार मिनिटं! शोधता शोधता तोंडाचा पट्टा चालू— खालच्या मजल्यावर कुत्रं आणलंय, गुडघा आता बरा आहे, “तू वेळेवर जेवतेस ना गं?” मी म्हटलं, “बाबा, कामाचं बोला ना. सगळं रेकॉर्ड होतंय.”

गप्प झाले. मग लगेच सापडलं. गुळगुळीत दाढी केलेला चेहरा दिसला. मी “थँक यू, झालं” म्हणून बंद केलं. पुढच्या बाई थांबल्या होत्या.

असं तोडून बोलायला नको होतं.

१७ मार्च

साहेब वैतागले. “एका म्हाताऱ्यापायी सगळी सरासरी बोंबलली! काढ त्यांना.” मी मान डोलावली. ते माझे वडील आहेत, एवढंही तोंडातून निघालं नाही. लाज वाटते.

बाबांना मेसेज टाकला, उद्यापासून चाचणी नको, काम झालं. उत्तर आलं— ‘बरं.’

फोन करायला काय हात मोडले होते माझे?

२५ मार्च

गुरुवार. अकरा वाजता, बाबांच्या चाचणीच्या वेळेला, सवयीने मीटिंग उघडली. कोणी नव्हतं. फोन करावासा वाटला, पण अहवाल द्यायचा होता. राहिलंच.

२७ मार्च

आत्याचा फोन. आठवडाभर बाबांकडे राहायला गेलीय. “दादाला का गं काढलंस? गुरुवारी सकाळपासून तयार होऊन बसायचा. मला तुमचं ते ॲप त्यानेच शिकवलं! कॅमेरा, आवाज, सगळं एका झटक्यात लावतो.”

“मग माझ्यासमोर का नाही लावला?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणाला, बटण सापडलं की ती फोन ठेवते.”