पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

कॅम्प-१, भिलाई
गुरुवार

ती. पद्मजाताईस,
धाकट्या विद्याधरचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे बरे असतील, भाऊजींचा खोकला बसला असेल आणि हे पाकीट तू न उघडता टाकलं नसेल, असं धरून चालतो. (फोन तू उचलत नाहीस. बारा दिवस झाले.) पंधरा मिनिटांची खरी किंमत सांगू? एक सुटलेली गाडी, तुझी भावजय कलावती हिच्या नव्या साडीची इस्त्री, सूनबाईचं दोन दिवसांचं रडणं आणि माझ्या ताईचा अबोला. त्यात अबोला सर्वांत महाग. तेव्हा प्रांजलीच्या साक्षगंधाला तिचा सख्खा मामा कावून नव्हता, ते ऐक.

आमच्या हॉलमधलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं. प्लांटात ठेकेदाराकडे हेल्पर होतो, तेव्हा पाच मिनिटांच्या उशिरापायी अर्धी हजेरी गेली. त्या दिवशी काटा पुढे केला, तो स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलं तरी मागे घेतला नाही. या घराचा गाडा माझ्या घड्याळावर चालतो, हे मी चारचौघांत सांगत असतो. मोबाईल सगळ्यांकडे आहेत, पण निघायच्या वेळी नजर भिंतीकडेच जाते.

गंमत अशी, की मनाला पंधरा मिनिटं जास्तीची दिली की ते पहिल्याच आठवड्यात खाऊन टाकतं. मग जो तो मनातल्या मनात वजाबाकी करतो. घड्याळात साडेपाच दिसले की कलावती सव्वापाच समजते आणि वरून चहा ठेवते. (आपला सुजय कामावर वेळेच्या सदुपयोगाचं ट्रेनिंग करून आला. तोही हीच वजाबाकी करतो, फक्त इंग्रजीत.) पण हे कोणी कोणाला मोठ्यानं सांगत नाही. आपणच आपल्याला फसवतो, हे सांगायचं तरी कसं?

त्यामुळे वैशाखात सून म्हणून आलेल्या समीक्षाला कोणी सांगितलंच नाही. साक्षगंधाच्या आदल्या संध्याकाळी तिनं पाहिलं, घड्याळ पुढे गेलंय. पोरीनं स्टुलावर चढून ते मोबाईलशी मिळवून ठेवलं. सासरचं पहिलंच कार्य, उशीर नको म्हणून!

गाडी दुर्गहून सकाळी सहा-पाचची. घरातून पाच-वीसला निघायचं. घड्याळात पाच-वीस झाले, मी ओरडलो, "चला!" कलावती आतून म्हणाली, "कावून बोंबलून राहिले? पाचच तर वाजले. डबा बांधून राहिली ना मी!" सुजय म्हणाला, "बाबा, टेन्शन मत लो, बहुत टाइम है." आणि ताई, खरं सांगतो, मीही खुर्चीत बसून अर्धा कप चहा घेतला. समीक्षा तेवढी चप्पल घालून दारात उभी होती. नवी सून, सासऱ्याला घाई करा कसं म्हणणार?

माझे कान तुला माहीत आहेत. ऑटो स्टेशनच्या बराच अलीकडे होता, तेव्हाच मी भोंगा ऐकला आणि ओळखलं, ही आपलीच गाडी सुटली. बोललो नाही. तेवढीच चार मिनिटं सगळे आनंदात होते.

मागून आलेल्या गाडीनं तुझ्याकडे पोचलो, तोवर मामाच्या जागी तुमचे शेजारी मारोतराव बसून, फोटो काढून, जेवूनही उठले होते. तू आम्हाला वाढलंस, लाडूही वाढलास, पण "घे ना रे" म्हणाली नाहीस. तो लाडू अजून घशात आहे.

समीक्षावर राग धरू नकोस. त्या सकाळी आमच्या घरात खरं बोलणारे दोघंच होते, ती आणि घड्याळ. आता मी सगळ्यांना समोर बसवून सांगितलंय, काटा खरा राहील, वजाबाकी बंद. तेव्हापासून कोणाला एक मिनिट उशीर नाही. बघ, शेवटी चालतं ते माझंच घड्याळ!

तुझा,
विद्या

ता. क. लग्नात प्रांजलीला बोहल्यापर्यंत मीच आणणार ना? मारोतराव भला माणूस आहे, पण मामा नव्हे. नुसतं "ये" एवढं लिही. मुहूर्त मात्र खरा कळव. अर्धा तास अलीकडचा सांगशील तर मला कळेल, आणि मी बेरीज करीन.

ता. क. २. पत्रावर वेळ घालावी म्हणून आत्ता घड्याळ पाहिलं. दोन-पन्नास. बाहेर सकाळ आहे. समीक्षा म्हणते, घड्याळाचा सेल सोमवारीच संपला. चारही दिवस सगळे वेळेवर कामाला गेले.