अधेलीचा टाक

ताई,

आज तू माझ्या गळ्यात हायस, आणि मला काय ते नीट कळत नाय. तू गेलीस तवा मी परकर नेसत होते, तुझी पोर रांगत होती. पुढं तिला सांभाळायला म्हणून मलाच भाओजींना दिली. बघ, अजून हात भाओजीच लिहितो.

मेलेल्या पहिल्या बायकोचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, तसा तो लगनातच घालायचा होता. पण आपली आये आडवी आली. "माझी एक लेक दुसरीच्या गळ्यात सवत म्हणून मी बांधू देणार नाय," बोलली. मग टाक राहूनच गेला. पुढं माझं तान्हं बारशापासनं दूध ओढीना. तोंड लावायचं, रडायचं, सोडून द्यायचं. मांड्या सुकल्या त्याच्या. सासू बोलली, थोरली रुसलीय, तिला जागा दिली नाय, ती पोर घेऊन जाईल.

मी भ्याले. सोनाराकडं टाक घडवायचा तर भाओजी बोलले, मिठाचा हंगाम सरू दे, पैसं हातात येतील. तवर पोर थांबेल का? त्याला घेऊन पनवेलच्या दवाखान्यात गेले, डॉक्टरनं औषधाची बाटली दिली. येताना बाजारात सोनाराच्या काचेत एक टाक दिसला. गोल, कडेनं मण्यांची नक्षी, मधी बाईचा मुखडा. सोनार आत बोलवायला लागला तरी मी तिथंच उभी, डोळ्यात भरून घेत. घरी येऊन तू दिलेली चांदीची अधेली, आठ आण्याचं नाणं, काढली. तू सासरी निघालीस तवा माझ्या मुठीत दाबलीस ती. हरवलीस तर कान उपटीन बोललीस आणि स्वताच रडायला लागलीस. मला हसू आलं होतं तवा.

अधेलीवर राजाचं तोंड. ते तसंच ठेवणार होते, तर सासू बोलली, "तुझ्या सवतीला काय दाढी होती?" तुझी पोर खदाखदा हसली, मी पण हसले, किती दिसांनी. मग पाट्यावर घासून घासून राजा घालवला. भोक पाडायला खिळा धरला, वरवंटा उचलला, तर ठोका टाकवेना. वाटलं, तुला लागेल. तू मला चुलीपुढं बसवून भाकरी शिकवायचीस. करपली की उलथनं उगारायचीस, आणि नुसतं टेकवायचीस हाताला. अशी बाई माझं पोर नेईल? डोळे मिटून ठोकलं. कडेनं तांब्याची तार गुंडाळली, तारेत काचेचे मणी भरले. दाभणानं तुझा मुखडा काढला, तर नाक माझ्यासारखं आलं. काळ्या दोऱ्यात ओवून घातला. आता नवं लुगडं आलं की आधी तुला दाखवायचं, गोडाचं केलं की आधी तुला.

काल सकाळी पोर दूध ओढायला लागलं. चांगलं घटाघटा. सासूनं माझ्या गळ्याकडं बघून हात जोडले. मी रडले, पण कशानं ते सांगता येत नाय. बाटलीनं बरं झालं असेल तर मी तुला उगाच सवत केली. टाकानं झालं असेल तर तू खरंच रुसली होतीस, माझ्यावर. मला दोन्ही नको. पोर तेवढं हवं.

आये भेटायला येणार हाय. तिला टाक दिसू नये म्हणून पदर घट्ट घेऊन बसायची तयारी करतेय मी. आणि हा कागद कुठं धाडायचा? चुलीतच जाईल.

पण ताई, आज टाकाला कुंकू लावताना मी तुझ्याशी बहिणीसारखं नाय बोलले. परक्या बाईपुढं उभं राहावं तशी हात जोडून बोलले, माझं पोर राहू दे, तुझ्या पोरीला मी काय कमी करणार नाय. असा सौदा कुणी आपल्या ताईशी करतं का? मी केला. उद्या पण करीन.