मेंढवाड्याची भाकरी

चांदे,
ता. १५ मे १९२६

चि. कुशाबास हैबतरावाचे अनेक आशीर्वाद. तार मिळाली असेल. तारेत मावलं नाही ते लिहितो.

धुळाजी धनगराची मेंढरं खतासाठी आपल्या ओढ्यापलीकडच्या वावरात बसली होती. ज्याच्या वावरात मेंढरं, त्याच्या घरची भाकरी धनगरांना, ही आपली रीत. सांजेला तुझी गोजरा भाकरी घेऊन गेली. परतताना वळिवाच्या गारा सुरू झाल्या आणि ओढ्याला एकदम लोंढा आला. धुळाजी मेंढरं सोडून पाण्यात उतरला. तिचा पदर त्याच्या हाती लागला आणि सुटला. त्याची निम्मी मेंढरंही गेली.

गोजरा महाळुंग्याजवळ नदीकाठी सापडली. धुळाजीनेच शोधली आणि आपली घोंगडी तिच्यावर घातली. तुझी वाट पाहता आली नाही, अग्नी मी दिला. जिवाला जप.

तुझा दादा, हैबतराव

बेळगाव, पलटण,
ता. १९ मे

ती. दादांस शि. सा. न. वि. वि. बायको गेली म्हणून रजा मागितली, मिळाली नाही.

आभाळ भरून आलेलं असताना वहिनींनी तिला ओढ्यापलीकडे धाडलंच कशाला? स्वतः का नाही गेल्या? आणि जन्म रानात काढलेल्या धुळाजीला पाण्याची चाहूल लागू नये? त्याला वावरातून हाकलून द्या. माझं डोकं ठिकाणावर नाही. अधिक-उणं लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला.

आपला, कुशाबा

चांदे,
ता. २३ मे

चि. कुशाबास आशीर्वाद. तुझं पत्र घरात वाचून दाखवलं. तुझ्या वहिनीबद्दलचं गाळलं. पण मी जिथे अडखळलो, तिथेच रत्नाने मान वर केली. काय ते ती समजली.

तेव्हापासून ती पाण्याच्या घोटावर आहे. आपल्या घरी चूल बंद होती, तेव्हापासून धुळाजीची चिमाबाई रोज मेंढवाड्यावरून आपल्याला भाकरी आणते. तिचीच निम्मी मेंढरं वाहून गेलीत, तरी आणते. रत्ना त्या भाकरीला हात लावत नाही. म्हणते, मीच तिला धाडली, आता कुठल्या तोंडानं खाऊ? धुळाजी म्हणतो, म्या आभाळाकडं बघितलं न्हाई, माजंच चुकलं. आणि धनगर निघाले होते, त्यांना आणखी एक मुक्काम करायला लावणारा मी.

तुला कोणाला तरी बोल लावायचाच असेल तर मला लाव. मला सोसेल, तिला सोसणार नाही. कुशाबा, मला भीती वाटते आहे.

तुझा दादा

बेळगाव,
ता. २७ मे

ती. दादांस शि. सा. न. वि. वि. हे पत्र एकही ओळ न गाळता वाचा. धुळाजीला आणि चिमाबाईंनाही समोर बसवा.

वहिनी, पुढचं तुम्हाला. मेंढवाड्यात एक काळं कोकरू आहे, तुम्ही निघालात तरी गोजरा हातातली पाटी ओढून घेते आणि त्याच्यासाठी पळते, असं दादांनी चैत्रात थट्टेने लिहिलं होतं. पत्र पुन्हा काढून वाचलं. आभाळ बघून ती थांबणारी नव्हती. माझं तरी तिने कधी ऐकलं?

मला फार दुखलं, म्हणून मी तुम्हाला दुखवलं. गोजराला पाण्याने नेलं, त्यात तुमचा दोष नाही. धुळाजीचाही नाही, दादांचाही नाही. पण आता तुमचं काही झालं, तर ते मात्र माझ्या शब्दाने होईल. चिमाबाईंची भाकरी खा, वहिनी.

घरात जे उरलो आहोत, त्यांनी एकमेकांवर माया ठेवावी, एवढंच मागणं.

तुमचा, कुशाबा

ता. क. दादा, वाचून झालं की ताट वाढा. वहिनींनी घास घेतला की मला तार करा.