दोन हातांवरचे चावे

ती. आईस,
थोरलीचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, काळजी करू नकोस.

हात कोपरापर्यंत सुजलेत, पण ते कामच तसं आहे. डासांच्या पिंजऱ्यात हात घालून बसायचं आणि चावे मोजायचे. हे डास प्रयोगशाळेतच वाढवलेले असतात, त्यांच्यापासून ताप येत नाही.

तू पाठवलेल्या निर्गुंडीच्या पाल्याचा अर्क तेलात मिसळून उजव्या हाताला लावला, डाव्या हाताला नुसतं तेल. अर्ध्या तासात दोन्ही हातांवर चावे सारखेच! सात वेळा करून पाहिलं. मेल्या डासांनी एकदाही माझी बाजू घेतली नाही. साहेब म्हणाले, "बाई, आता हा पाला सोडा." या पाल्यामागे घालवलेली चार वर्षं पाण्यात गेली.

बाबांचा गुडघा कसा आहे? दादाच्या लेकीला मच्छरदाणीतच झोपव. पाल्यावर विसंबू नकोस, तुला माझी शपथ.

आणखी एक. त्या संध्याकाळी पाला चोळायला विसरलीस म्हणून धाकटा तापाने गेला, असं बारा वर्षं तू स्वतःला बोल लावतेस. आई, तू विसरली नसतीस तरी त्याला डास चावलाच असता.

तुझा पाला खरा ठरावा म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. तो खरा ठरला असता, तर धाकट्याच्या जाण्याचा दोष मीच तुझ्या पदरात घातला असता. एवढी शिकले, पण हे मला आज हात धुताना कळलं.

तुझी,
थोरली