वस्तादांच्या थंडाईत माझी गोळी

तीर्थस्वरूप वहिनींस आजरा मुक्कामी धाकट्या नणंदेचा, म्हणजे झुंबरचा, कोल्हापुराहून वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला थांबला का, की अजून रात्रभर घर जागवतो? इकडं मी ठीक आणि म्हैस माझ्याहून ठीक. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. वहिनी, तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून चपात्या लाटता आणि शेजारच्या दोघी परातीपाशी बसून ऐकतात (मागच्या वेळी माझ्या पित्तावर त्यांनीच दोन उपाय सांगितले). हे सांगायचं ते स्पीकरवरचं नाही. अक्षर सांभाळून घ्या.

माझे यजमान कशानं गेले आणि त्यांच्यामागं मला काय निघालं, हे तुम्हाला आणि दादालाच ठाऊक. तेव्हा मी वाळून काटकी झाले होते. सरकारी दवाखान्यातून एचआयव्हीची गोळी सुरू झाली. एकाच गोळीत तीन औषधं, रोज एक, ठरल्या वेळेला, जन्मभर. वर्षभरात अशी भरले की दुधाच्या दोन्ही किटल्या एकटी उचलायला लागले. गल्लीला आश्चर्य. बाई, काय खातीस, काय खातीस! आता खरं सांगितलं तर उद्यापासून माझं दूध कोण घेणार? दूध थांबलं की चूलही थांबली. म्हणून सांगितलं, ताकदीची गोळी आहे. दवाखान्यातल्या बाई सांगत होत्या की गोळ्या त्यांच्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवायच्या. पण दूध न्यायला येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून फळीवरचं सगळं वाचतो. मी शहाणीनं बाटली फेकली आणि गोळ्या च्यवनप्राशच्या रिकाम्या डब्यात ओतल्या. अशी अक्कल देवानं म्हशीलासुद्धा दिली नाही.

आमच्या मागं तालीम आहे आणि तिथले केरबा वस्ताद माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. सत्तरी ओलांडली तरी आवाज असा की साधं ‘दूध घाल’ म्हणाले तरी भांडण लागल्यासारखं वाटतं. त्यांचा लाडका पठ्ठा विजयसिंह. त्याची जत्रेतली कुस्ती जवळ आलेली, म्हणून महिनाभर वस्ताद माझ्या मागं, की ती ताकदीची गोळी पोराला दे. मी नाही म्हणाले तर तोंड फुगवून बसले, पण गोळी कुठल्या डब्यातून निघते ते बघून ठेवलं. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी धार काढत होते तेव्हा येऊन गेले म्हणे. मी हात धुऊन माझी गोळी घ्यायला डबा उघडला, तर आत गोळ्या नाहीत, बदाम! (चोरीसुद्धा सचोटीची. नेलं त्याच्या बदल्यात माल ठेवून गेले.) वहिनी, आजची गोळी चुकली तर? आणि ती त्या धडधाकट पोराच्या पोटात गेली तर?

तालमीच्या लाल मातीत बाईनं पाय टाकायचा नाही, हा रिवाज. मी शेणाच्या पायांनी आत गेले. उघडे पैलवान टॉवेल शोधत पळाले. वस्ताद कुंडीत थंडाई घोटत बसलेले. बदाम, खसखस, बडीशेप आणि माझ्या मूठभर गोळ्या! वस्तादांचा पेला रिकामा, विजयसिंहाचा अर्धा झालेला. मी कुंडी पालथी केली. खरं सांगायचा धीर होईना, म्हणून ओरडले की अहो, ती म्हशीची गोळी आहे. तर वस्तादांचा चेहरा उजळला.

‘‘म्हशीची? मंग तर लयच बेस की! इज्या, पी गप!’’

आता काय करू? पोरगा पेला तोंडाला लावतोय. मग सांगितलं. एचआयव्हीची आहे, माझी आहे, हिच्यावरच मी जगते. वस्तादांनी उरलेल्या गोळ्यांची पुडी माझ्या हातावर ठेवली. मी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना फोन लावला, सगळं सांगितलं, फोन वस्तादांच्या कानाला लावला आणि बोलणं झाल्यावर खाली मान घालून घरी आले. गोळी घेतली आणि मग खूप रडले.

सकाळी तालमीतून दुधाला कोणी आलं नाही. किटली तशीच भरलेली. समजले, संपलं. आता गल्ली, मग पेठ, मग सगळं कोल्हापूर. म्हैस विकायची कुणाला, इथवर माझा विचार गेला. आणि दुपारी दारात आरोळी:

‘‘झुंबर! दूध कुठाय? सकाळधरनं रगत द्यायला उपाशी बसवलंय त्या डॉक्टरिणीनं! आन् पोराला बी!’’

किटलीला तोंड लावून तिथंच उभ्यानं प्याले. मग आवाज खाली आणून (त्यांचा खालचा आवाज म्हणजे आपला वरचा) म्हणाले, ‘‘गोळी चुकवू नगंस. बाकी आमी काय ऐकल्यालं न्हाय.’’

दोघांनाही काही झालं नाही, तपासण्या चांगल्या आल्या. बोलणी मात्र दवाखान्यात सगळ्यांना बसली. न तपासता दुसऱ्याची गोळी खाल्ली आणि आत हाच आजार लपलेला असला, तर अर्धवट औषधानं तो दाद द्यायचा बंद होतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला वाटलं मी सुटले. तर मला विचारलं, अजून काय काय खाता? मी अभिमानानं सांगितलं की मेडिकलमधून आणलेली कॅल्शियमची गोळी रोज सोबतच गिळते, एका घोटात दोन कामं. बाई कपाळाला हात लावून बसल्या. कॅल्शियम, लोह, पित्ताची औषधं या गोळीची ताकद खातात. विचारून, अंतर ठेवून घ्यायची. माझीच ताकद मीच खात होते, वहिनी! रक्त पुन्हा तपासलं. विषाणू सापडत नाही इतका कमी आहे, पण गोळी बंद करायची नाही. बाकी सगळं क्षेम. दादाला नमस्कार.

तुमची,
झुंबर

ता. क. बदाम परत केले नाहीत.

ता. क. भाची क्रांतीच्या लग्नाची पत्रिका पोचली. मी आदल्या दिवशीच येते. मागच्या खेपेला माझं ताट न्हाणीतल्या फळीवर वेगळं ठेवलं होतं आणि कपावर तांबड्या नेलपॉलिशची फुली होती. तुम्ही घाबरून केलंत, वाईटपणानं नाही, हे मला कळतं. पण मला फार लागलं होतं, वहिनी. जेवल्याखाल्ल्यानं हे कुणाला होत नाही. खात्री नसली तर डॉक्टरबाईंचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर दिलाय, त्यांना विचारा, पाहिजे तर स्पीकरवर ठेवा. मला पंगतीत बसवा, आणि मसालेभात मीच वाढणार.