मापाबाहेरचा माणूस

१ डिसेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा सुरतेत! स्टेशनबाहेर पडल्या पडल्या पहिलं काम म्हणजे लोचो हाणला, वरून तेल आणि शेव. रजनीला फोनवर सांगितलं तर बाईसाहेब म्हणाल्या, चोपन्नाव्या वर्षी नोकरीला गेलात की खायला? दोन्हीला, म्हटलं. तिच्या शाळेला सुट्टी लागली की तीही येईल. तोवर मी एकटा राजा.

बमरोलीत सुंदराबाईंच्या घराचा तिसरा मजला घेतलाय. एक खोली, मोरी आणि पुढे छोटी गॅलरी. बाई मूळच्या शिरपूरकडच्या, नवरा डाइंग मिलमध्ये. सामान टाकलं आणि जुन्या सवयीनं आधी टेप काढली. दाराची उंची एकशे ऐंशी. मी एकशे सदुसष्ट. चौकटीवर पेन्सिलनं माझ्या उंचीची खूण केली. सुंदराबाई हसल्या, म्हणाल्या, या वयात अजून वाढणार आहात का काय भाऊ?

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. काढू देत. सत्तावीस वर्षांनी पुन्हा कटर हातात धरणार आहे. लग्नाआधी मी विमानं करायचो, प्लास्टिकची, बहात्तरास एक या मापाची. चाळीस विमानं, प्रत्येकात वैमानिक. नाशिकच्या प्रदर्शनात पहिला नंबर होता माझा. मग संसार, बदल्या, आणि डबे माळ्यावर गेले. आता उद्यापासून उधन्याला भाईदासशेठच्या कारखान्यात. बिल्डर लोकांच्या इमारतींची मॉडेलं करतात तिथे. रात्री झोप लागेल असं वाटत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

कारखाना मस्त आहे. आम्ही सहा कारागीर. शेठ दिवसभर बिल्डरांच्या मागे, संध्याकाळी येऊन बघतो आणि सगळ्यालाच 'सरस छे' म्हणतो. मला वेसूकडच्या एका स्कीमवर टाकलंय. बावीस मजली टॉवर, शंभरास एक या मापात. कमुरता उतरल्यावर, म्हणजे संक्रांतीनंतर, बुकिंग उघडणार, तोवर मॉडेल पाहिजे. मी खालची बाग आणि पार्किंग करतो. टॉवर निंबा करतो.

हा निंबा अमळनेरकडचा. बारा वर्षं लूमच्या खात्यात काढली, मग इथे झाडलोट करता करता शिकला. दहावीसुद्धा नाही. बोलतो अहिराणी, तेही मोजकं.

माझी स्पंजची झाडं बघून त्यानं नुसती मान हलवली. चांगली म्हणाला असता तर जीभ झडली असती का?

१२ डिसेंबर, शुक्रवार

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. मी जळतो त्याच्यावर.

मी एक गॅलरी करायला दुपार घालवली, गमचे डाग पडले, कठडा तिरका. निंबानं तेवढ्या वेळात नऊ केल्या. नऊ! आणि डोळा असा की अर्धा मिलिमीटर चुकलं तरी लांबून कळतं. आज बाहेरून कापून आलेली चिमुकली माणसं चिकटवून तपासत होता. एक थोडा उंच निघाला. मी म्हटलं, डोक्यावरून घासून टाक. तो म्हणाला, डोकं घासलं तर तोंड जातं, माणूस पायापासून घ्यायचा. कटरचं पातं तळव्याखाली सरकवलं, गम सुटला, मग दोन्ही पाय गुडघ्याखाली टच्च. पुन्हा चिकटवला. खरंच, काही कळत नव्हतं.

शेठनं त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या बागेकडे बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन जेवलो नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

आज इथली एक रीत कळली. मॉडेल पुरं झालं की ज्यानं केलं तो स्वतःचा एक माणूस करून लावतो. गेटच्या बाहेर, इमारतीकडे पाठ करून. कोणी काय केलं ते शेठच्या लक्षात राहत नाही, तो माणूस बघूनच तो कारागीर ओळखतो. निंबाचा निळ्या शर्टातला आज लागला.

पाठ का, विचारलं. आपन करेल घरमा आपन र्‍हावानं नही, एवढंच म्हणाला. आपण केलेल्या घरात आपण राहायचं नाही. हे त्याला त्याच्या उस्तादानं सांगितलं. उस्तादाचं काय झालं ते मात्र सांगितलं नाही, गमची बाटली पुसत बसला. असले हे लोक. कसलं शास्त्र आणि कसलं काय!

आणि एक, या वेळी बिल्डरला पितळी पाटी हवीय, कारागिराचं नाव कोरलेली. निंबाचं नाव पितळेत! सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पासबुकांवर शिक्के मारले. माझं नाव कुठेच नाही.

३ जानेवारी, शनिवार

निंबाचा चुलता वारला. दहाव्यासाठी गावी गेलाय, अकराला येणार. दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले. मी थांबलो.

चिमट्यानं निळा शर्ट उपटला. टिक असा आवाज झाला. काडेपेटीत घालून खिशात टाकला. मग माझा माणूस केला, पांढरा शर्ट, काळी पँट. चेहरा करायला वेळ नव्हता. पट्टीसुद्धा घेतली नाही, मला माप लागत नाही, चाळीस वैमानिक केलेत या बोटांनी! गेटवर लावणार होतो. पण म्हटलं, का? रखवालदार आहे का मी? सातव्या मजल्याची गॅलरी, पूर्वेची, सगळ्यात देखणी. तिथे कुंडीमागे उभा केला. दोन्ही तळव्यांना भरपूर गम.

५ जानेवारी, सोमवार

शेठनं आज मॉडेल बघितलं. गेटवर कोणी नाही, मग काम कोणाचं, असं विचारलं. माझं, म्हटलं, माझा माणूस या वेळी आत उभा आहे. कुठे ते त्यानं विचारलं नाही. हात हातात घेऊन म्हणाला, श्रीरंगभाई, एवढं सरस काम आपल्याकडे कधी झालं नाही. पाटीवर तुमचंच नाव घालतो. बाकीचे चौघे खाली बघत होते. बघू देत.

पेढे घेऊन घरी आलो. दारात चौकटीला डोकं आपटलं. पेढ्यांच्या नादात टाचा उंचावून चालत असेन.

८ जानेवारी, गुरुवार

पुन्हा डोकं आपटलं. कपाळावर टेंगूळ आहे. चपला आखूड होतात, टाच बाहेर येते. पँट घोट्याच्या वर. धोब्याला बोललो तर तो माझ्याकडे वर बघून बोलत होता. पूर्वी समोर बघायचा.

सुंदराबाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, भाऊ, खरंच वाढले की तुम्ही. हसल्या नाहीत मात्र.

पेन्सिलची खूण माझ्या छातीला लागते. टेप लावली. दोनशे तीन.

११ जानेवारी, रविवार

सुट्टी नाही, काम आटपायचंय. निंबा आला. डोकं भादरलेलं. आधी गेटपाशी गेला, गमच्या डागावर बोट ठेवलं. कोणावर ओरडला नाही. सरळ माझ्याकडे येऊन विचारलं, तुमचा माणूस आत लावलाय का? लावला असेल तर आत्ता सांगा, काढून देतो, पाटीचं काय ते होऊ देत.

सांगायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण तो असा शांत उभा! त्याला पाटीचंही काही नाही. मी त्याच्यावर महिनाभर जळतोय आणि तो माझ्यावर दया करणार! आईची शपथ घेऊन सांगितलं, माझा माणूस आत नाही.

बरं, म्हणाला. मला खालून वर बघितलं. मग कामाला लागला.

घरी येऊन हिशोब केला. एकशे सदुसष्टला बहात्तरानं भागलं, शंभरानं गुणलं. दोनशे बत्तीस. टेप लावली.

दोनशे बत्तीस.

बहात्तर. माझ्या बोटांत बहात्तरच बसलंय. इमारत शंभराची आणि माणूस बहात्तराचा.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो, वाकून, रिक्षात आडवा होऊन. तो माणूस काढायलाच. चिमटा माझ्या हातात काडीएवढा. धरला, ओढला – माझ्या स्वतःच्या तळव्यांची साल निघाल्यासारखं झालं. ओरडलो. सोडून दिला.

निंबाला सांगायचं. तोच काढू जाणे, हळू, पातं सरकवून. सगळे आल्यावर तो समोरच बसला होता. शेठनं त्याच वेळी पाटी आणली. झळझळीत पितळ. माझं नाव. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, निंबानंसुद्धा.

उद्या सांगतो.

१३ जानेवारी, मंगळवार

गॅलरीत उभा होतो. पाय उचलेना. फरशीला चिकटलेत. डावा नाही, उजवा नाही. गमचा वास येतोय.

शेठचा फोन आला, कसाबसा घेतला. सातव्या मजल्यावर एक माणूस निंबाला मापाबाहेरचा दिसला. कुंडीमागे कोणीतरी चुकून लावलेला. उद्या उत्तरायण असलं तरी निंबा एकटा बसून नीट करणार आहे. शेठ म्हणाला, बघा श्रीरंगभाई, नाव तुमचं आणि मेहनत करतो तो.

ते वाक्य लागलं. गप्प बसलो. कसा गप्प बसलो मी? फोन कट झाल्यावर कळलं, निंबा नीट करणार म्हणजे पायापासून घेणार.

आता फोनचे आकडे – बोट टेकलं की दोन दोन दाबले जातात. निंबाचा नंबर लागत नाही. रजनीचाही नाही.

१४ जानेवारी. सकाळ

एका पानावर आठ-दहाच ओळी मावतात. पेन दिसत नाही बोटांत.

सगळी वस्ती गच्चीवर. पतंग, गाणी, काय पो छे. मी ओरडतो – त्यांना वाटतं मीही पतंगासाठी –

सुंदराबाईंनी खालून तिळाचा लाडू दाखवला. हात हलवला. गेल्या वर.

दुपार

काडेपेटी खिशात. निळा शर्ट. तो मोकळा आहे. मीच मोकळा केला त्याला. मी.

ऊन गेलं. ढग नाही. कोणीतरी वरून वाकल्यासारखं –

तळव्याखाली गार. पातळ. सरकतंय

तो हळू करतो. हात चांगला आहे त्याचा. मी कधी म्हटलं नाही. चांगला आहे रे

उजवा सुटला

निंबा मी आहे हा. पाटी तुझी. नाव तुझं, सगळं तुझं, मीच काढला तुझा माणूस, फक्त गुडघ्या