पांढऱ्या साडीवरचा चहा

संघप्रिया,

लग्नाच्या पांढऱ्या साडीवर चहा सांडला तेव्हाच सांगितलं असतंस, तर साध्या पाण्याने निघाला असता. तू घडी घालून चार दिवस कपाटात दडवलीस! आता लग्न उद्यावर आलं आणि डाग पक्का बसलाय. नेरूळचा लाँड्रीवाला म्हणाला, "मावशी, अजून घासलं तर कापड विरेल." शेवटी डागावर निळ्या रेशमाने कमळ भरलंय, शेजारी आणखी दोन, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल. मान अवघडली माझी. नेसून बघ. मी हॉलवर जातेय, जेवणाचं बघायला.

अंकुशला विचारलं तर म्हणतो, "ताई दोन दिवस रडत होती, तुला सांगू नको म्हणाली."

सख्ख्या आईला एवढी घाबरतेस का गं?

आई